स्टीलची पट्टी आणि रोजनामा

माझी वकिली सिंगापूरला आली ती एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून. वर लग्नाचा दाखला, खाली लेकीचं लसींचं कार्ड आणि मध्ये माझी सनद. नवऱ्याला वन-नॉर्थच्या एका नव्या प्रयोगशाळेत काम मिळालं आणि मी त्याच्यामागून आले, 'डिपेंडंट पास' घेऊन. औरंगाबादच्या कोर्टात तीन वर्षं उभी राहिलेली बाई मी, समोरच्या वकिलाला घाम फोडणारी, आणि इथल्या सरकारी कागदावर नवऱ्याची अवलंबित! त्या शब्दाचा मला इतका राग यायचा की तो पास मी पर्समध्ये उलटा ठेवायचे.

माझी पदवी इथे चालत नाही हे पहिल्याच महिन्यात कळलं. जुरोंग ईस्टला आम्ही राहायचो, तिथे आसपास आपली बरीच मंडळी होती. दर पौर्णिमेला कुणाच्या तरी फ्लॅटवर बुद्धवंदना व्हायची, नंतर खीर. तिथे कुणी ना कुणी विचारायचंच, "मग वकीलबाई, इथे कुठलं कोर्ट?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. मी मात्र वाट्या आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात सटकायचे.

खरी पंचाईत अण्णांची होती. माझे वडील तालुक्याच्या कोर्टात शिपाई होते. दाराशी उभं राहून पक्षकारांच्या नावांचा पुकारा करणं हे त्यांचं काम. आवाज असा, की फाटकाबाहेरच्या टपरीवर बसलेला माणूस चहाचा कप तसाच टाकून धावत यायचा. काळा कोट घालून मी त्यांच्या कोर्टात एकदाच उभी राहिले, बांधाच्या एका किरकोळ दाव्यात. त्या दिवशी अण्णांनी जो पुकारा केला, तो निम्म्या तालुक्याला ऐकू गेला असेल. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी एकच विचारलं, "रोजनाम्यात आलं का तुझं नाव?" दाव्याच्या प्रत्येक तारखेला कोण हजर होतं, काय झालं, हे कोर्ट रोजनाम्यात लिहून ठेवतं. अण्णांच्या लेखी जे रोजनाम्यात नाही ते घडलेलंच नाही. सिंगापूरहून फोन केला की ते दर वेळी विचारायचे, "उभी राहिलीस का गं कुठं?" मी म्हणायचे, "बघू, अण्णा."

शेवटी रॅफल्स प्लेसमधल्या एका अमेरिकन लॉ फर्ममध्ये प्रूफरीडरची नोकरी लागली. वकिलांनी लिहिलेलं वाचायचं आणि चुका काढायच्या. तिथे माझ्या वरिष्ठ म्हणून ज्या भेटल्या, त्यांच्याबद्दल हे सगळं लिहिते आहे. मी त्यांना 'मॅडम' म्हणायचे, त्या दर वेळी "नावाने हाक मारा" म्हणून वैतागायच्या, पण आमच्या तोंडात ते कुठलं बसायला? मनातल्या मनात मी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. इथेही तेच म्हणते.

बाई उंच होत्या, उन्हाने नाक कायम लाल झालेलं. राहायला मरीन परेडला. सकाळी हॉकर सेंटरच्या टपरीवरून दोरी लावलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोपी, म्हणजे इथली कडक कॉफी, घेऊन यायच्या आणि ती पिशवी खिडकीच्या खिट्टीला अडकवायच्या. टायरच्या एका कारखान्यावर जगणाऱ्या अमेरिकेतल्या लहानशा गावातून त्या आल्या होत्या, वडील त्याच कारखान्यात. परदेशी फर्म असल्यामुळे त्यांनाही इथल्या कोर्टात उभं राहायला बंदी. पहिल्याच दिवशी माझा अर्ज वाचून त्या म्हणाल्या, "म्हणजे तुम्हीही वकील आणि मीही वकील, आणि या शहरात दोघींचाही उपयोग नाही." मला इतकं बरं वाटलं ते ऐकून! माझं दुखणं कुणीतरी हसण्यावारी नेलं होतं, पण स्वतःला माझ्या शेजारी उभं करून.

त्यांची कामाची पद्धत जुनी होती. सगळ्या फर्ममध्ये कॉम्प्युटर होते, तरी बाईंचा करार सही होण्याआधी दोघांनी मोठ्याने वाचलाच पाहिजे. एकाने वाचायचं, शब्दांसकट कॉमा, कंस, कॅपिटल अक्षर सगळं उच्चारत. दुसऱ्याने समोरच्या प्रतीवर ओळीखाली स्टीलची पट्टी सरकवत ऐकायचं. तरुण वकील नाकं मुरडायचे. मला मात्र ते लगेच जमलं. लहानपणापासून विहारात सगळ्यांबरोबर एका सुरात वंदना म्हटलेली, कुणी एक ओळ गाळली तरी ते कानाला खटकतं. माझा कान तिथे तयार झाला होता. बाई वाचायच्या, मी पट्टी धरायचे. जहाजांचे करार, शंभर-शंभर पानांचे.

आणि पहिल्याच मोठ्या करारात मी माती खाल्ली.

त्या दिवशी दोन्ही पक्षांचे वकील टेबलाभोवती बसले होते. बाई वाचत होत्या. एका पानावर 'कलम चौदाप्रमाणे' असं आलं आणि माझी पट्टी थांबली. मूळचं चौदावं कलम आधल्या आठवड्यात काढून टाकलं होतं, पुढच्या कलमांचे आकडे वर सरकले होते. म्हणजे करार आता भलत्याच कलमाकडे बोट दाखवत होता. मला ते स्वच्छ दिसलं. आणि मी काय केलं? समासात पेन्सिलीने बारीकसं प्रश्नचिन्ह काढलं आणि मूग गिळून बसले. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत अडवायचं नाही, बाजूला घेऊन हळूच सांगायचं, हे माझ्या हाडीमाशी मुरलेलं. वाचन संपल्यावर सांगू म्हटलं, तर बाई तशाच विमानतळावर गेल्या, त्यांच्या मागोमाग कागद गेले, आणि सह्या झाल्या.

चूक आठवड्याने उघडकीला आली. बाईंना पुन्हा जकार्ता, तिथून हाँगकाँग असं सह्या गोळा करत हिंडावं लागलं. परतल्या तशा त्या थेट माझ्या टेबलाशी आल्या. हातात माझी प्रत, समासातल्या प्रश्नचिन्हावर बोट.

"हे कधी काढलंत?"

"वाचताना."

"मग मला थांबवलं का नाही?"

"सगळ्यांसमोर तुम्हाला कसं थांबवणार, मॅडम? बरं दिसलं नसतं."

बाई चिडतील असं वाटलं होतं. त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा मान राखण्यासाठी तुम्ही मला खड्ड्यात जाऊ दिलंत?" मला रडू फुटायचं बाकी होतं. त्यांनी टेबलावरची पट्टी उचलली आणि कडेने दोनदा आपटली, टक टक. "बोलायला जमत नसेल तर बोलू नका. फक्त एवढं करा. खोलीत कुणीही बसलेलं असो, ही वाजली की मी थांबेन." त्या दिवसापासून तो आमचा नियम झाला.

पहिल्यांदा पट्टी वाजवली तेव्हा माझे कान तापले होते. समोर फर्मचे मोठे भागीदार बसलेले. बाई शब्दाच्या मध्येच थांबल्या, माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "कुठे?" बस, एवढंच. महिन्याभरात मी सुरसुरी आल्यासारखी पट्टी वाजवू लागले. एकदा तर जेवताना नवरा काहीबाही थापा मारत होता, मी चमच्याने ताटावर टक टक केलं. लेक तेव्हा पाच वर्षांची, तिला हा खेळ फार आवडला.

रविवारी बाई एका कम्युनिटी हॉलमध्ये परदेशी कामगारांना मदत करायला जायच्या, हळूहळू मीही जाऊ लागले. मोठं काही नाही. दुखापत झालेली असायची, अर्ज इंग्रजीत असायचा आणि माणसाला इंग्रजी यायचं नाही. मी हिंदीत विचारायचे, बाई लिहायच्या, शेवटी त्या माणसाला मी सगळं मोठ्याने वाचून दाखवायचे. आधी कामावर घडलेली गोष्ट माणसं चाचरत सांगायची. पण आपलं म्हणणं कागदावरून परत ऐकताना ती ताठ बसायची. ते बघायला मला फार आवडायचं.

अडीच वर्षं अशी गेली. मग एका दुपारी बाईंनी मला बोलावून दार लावलं आणि सांगितलं की त्या गावी परत जाताहेत. निवडणूक लढवायला. तीही अमेरिकेच्या काँग्रेसची! अण्णांना फोनवर सांगताना मी 'अमेरिकेची लोकसभा' असं म्हटलं, नाहीतर ते भलतंच समजले असते.

जाण्याआधी त्या माझ्यासाठी एक पत्र लिहिणार होत्या. वन-नॉर्थच्या एका कंपनीला कायदा विभागात माणूस हवा होता. कंपनीच्या आत बसून काम करायला परदेशी पदवी चालते, हे मला त्यांनीच सांगितलं. पण मधली अडीच वर्षं मी चुका तपासण्यात घालवलेली, प्रूफरीडरला तिथे कोण उभं करणार? त्यांचं पत्र असेल तरच काही आशा. माझी पस्तिशी उलटत होती. ही संधी गेली तर ती सनद फोल्डरमध्येच पिवळी पडणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही वाचायला बसलो. या वेळी करार नव्हता. तिकडच्या प्रचारवाल्यांनी बाईंच्या आयुष्याचं पत्रक लिहून पाठवलं होतं, ते छापण्याआधी वाचायचं होतं. शेजारी एक पाकीट होतं. "हे झालं की तुमच्या पत्रावर सही करते," बाई म्हणाल्या आणि वाचू लागल्या. गाव, कारखाना, वडील, कॉलेज. मग सिंगापूर आलं: 'तिथे तिने गरीब कामगारांच्या बाजूने न्यायालयात झुंज दिली.'

माझी पट्टी त्या ओळीखाली थांबली. हात मात्र उचलेना. खोटं सांगत नाही, मी त्या पाकिटाकडे बघितलं. बाई पुढचा परिच्छेद वाचत होत्या, तोही संपला. दर पौर्णिमेला हात जोडून चौथं शील म्हणायचं, खोटं न बोलण्याचं, आणि इथे दुसऱ्याचं खोटं पट्टीखालून सरकू द्यायचं? स्वतःचाच राग आला. मी पट्टी वाजवली. टक टक.

"कुठे?" बाई म्हणाल्या.

"मागे. एक परिच्छेद मागे. न्यायालयात झुंज."

त्यांनी वाचलं. नाक आधीच लाल असायचं, आता सगळा चेहरा लाल झाला. "हे एक पत्रक आहे. करार नव्हे. अशी पत्रकं अशीच लिहितात."

"मॅडम, आपण दोघी इथल्या कोर्टाची पायरीसुद्धा चढलेलो नाही."

"लोकांना अर्ज भरण्याचं कौतुक नसतं! मत कोण देईल त्याला?"

"ते मला माहीत नाही. झालं नाही ते झालं म्हणून लिहिलंय, एवढं मला दिसलं."

त्या उठल्या, पत्रक घेतलं आणि निघून गेल्या. पाकीट टेबलावर तसंच राहिलं, सहीशिवाय. घरी येताना एमआरटीच्या मेट्रोत मी स्वतःला यथेच्छ शिव्या घातल्या. काय गरज होती? तिकडच्या एका गावातल्या पत्रकातलं एक वाक्य, माझ्या बापाचं काय जात होतं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "बोलायला हवं होतं तेव्हा गप्प बसलीस, आता बोललीस. निदान या वेळी चूक तरी नाही केलीस." दोन दिवस बाई माझ्याशी कामापुरतंही बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या, कोपीची पिशवी खिट्टीला अडकवली आणि म्हणाल्या, "बसा. पट्टी घ्या." पत्रकातला तो भाग त्यांनी स्वतः लिहिला होता: 'तिथे मला न्यायालयात उभं राहायची परवानगी नव्हती. म्हणून मी टेबलाशी बसून लोकांचे अर्ज भरले.' पट्टी शेवटपर्यंत सरकत गेली. मग त्यांनी दुसरा कागद काढला, तो माझ्याबद्दलचा होता, आणि तोही मोठ्याने वाचला, कॉमा-बिमासकट. त्यात माझे पंचवीस गुण वगैरे काही नव्हते. 'सर्वांसमोर मला थांबवण्याचं धैर्य या वकिलात आहे,' एवढं होतं. मी पट्टी खाली ठेवली आणि डोळे पुसले. जाताना ती पट्टी त्यांनी पर्समध्ये टाकली. मी म्हटलं, "ऑफिसची आहे." त्या म्हणाल्या, "मग सांगा त्यांना, मी चोरली."

मला वन-नॉर्थला नोकरी मिळाली. स्वतःचा पास मिळाला, तो मात्र मी पर्समध्ये सुलटा ठेवला.

आणि बाई हरल्या.

कशाने हरल्या हे मी इंटरनेटवर वाचलं. समोरच्या उमेदवाराने ते वाक्य नेमकं उचललं होतं. 'अर्ज भरणारी बाई' म्हणून त्यांची गावोगाव टिंगल झाली. स्वतःच कबूल करते की कोर्टात उभी राहिली नाही, असली कसली वकील! म्हणजे माझ्या पट्टीने मला नोकरी दिली आणि त्यांची निवडणूक घालवली. मी त्यांना भलीमोठी मेल लिहिली, तीनदा माफी मागितली. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. 'मनाला लावून घेऊ नका. सगळ्या भाषणात तेवढंच एक वाक्य मला पाठ करावं लागायचं नाही.' मला त्याने बरं वाटलं नाही. त्या मोठ्या मनाच्या होत्या, पण नुकसान झालं ते झालंच होतं.

पुढच्या वर्षी त्यांच्या गावातला टायरचा कारखाना बंद पडला. शेकडो माणसं एकदम घरी बसली. सरकारी मदतीसाठी त्यांना अर्ज भरायचे होते, आणि ते अर्ज शिकल्यासवरल्या माणसालाही कळू नयेत असे. बाईंनी चर्चच्या हॉलमध्ये टेबल मांडलं. कित्येक महिने त्या तिथे बसल्या. एक जण सांगतोय, त्या लिहिताहेत, शेवटी मोठ्याने वाचून दाखवताहेत. हे मला त्यांनी कळवलं नाही, तिकडच्या एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटोसकट आलं होतं. आता लोक आपणहून म्हणू लागले, 'अर्ज भरणाऱ्या बाईकडे जा.' टिंगलीचं नाव होतं, तेच मानाचं झालं. दुसऱ्यांदा त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. मी लिटल इंडियातून जिलेबीचा मोठा पुडा आणून ऑफिसात वाटला. "कोण निवडून आलं?" चिनी सहकाऱ्यांनी विचारलं. "माझ्या बाई," मी सांगितलं. दिवसभर माझे पाय जमिनीवर नव्हते.

काही महिन्यांनी एका शनिवारी सकाळी त्यांची मेल आली. काँग्रेसच्या एका समितीच्या बैठकीचं चित्रीकरण, आणि कुठल्या मिनिटापासून बघायचं तेवढाच आकडा. लेक आता दहा वर्षांची होती, तिनेच ते लॅपटॉपवर लावून दिलं. लांबलचक लाकडी मेज, प्रत्येकापुढे माइक, अगदी टोकाला आमच्या बाई. अध्यक्ष म्हणाले की दुरुस्तीचा मसुदा सर्वांकडे आहेच, तर वाचन झालं असं मानू या. तिथे असंच करतात म्हणे, कुणी हरकत घेत नाही.

"माझी हरकत आहे," बाई म्हणाल्या.

सगळ्या मेजाने सुस्कारा टाकला. एकाने चष्मा काढून टेबलावर टाकला. पण हरकत घेतली की वाचावंच लागतं. लिपिक वाचू लागला, रटाळ आवाजात. "मम्मी, सो बोरिंग लाह!" लेक म्हणाली. मी तिला गप्प केलं, कारण मला बाईंचा हात दिसत होता. कागदावर ती पट्टी होती. माझ्याच टेबलावरची, चोरलेली. ओळीओळीने खाली सरकत होती.

एका ठिकाणी ती थांबली. बाईंनी ती उचलली आणि माइकजवळ दोनदा आपटली.

"थांबा. हे ज्या कलमाकडे बोट दाखवतंय, ते आपण मागच्या आठवड्यात काढून टाकलंय."

कागद उलटल्याचे आवाज. अध्यक्ष मागे वळून कुणाशी तरी कुजबुजले, मग घसा साफ करून म्हणाले की सदस्यांचं बरोबर आहे. आणि मग, थोडं हसत, थोडं वैतागून, "ही सवय तुम्हाला कुठे लागली?"

बाई म्हणाल्या, "सिंगापूरला माझ्यासोबत एक वकील होत्या. भारतातून आलेल्या. सगळ्यांसमोर मला थांबवायला त्यांना फार जड गेलं होतं. पण त्यांनी थांबवलं."

लेक माझ्याकडे वळली. "मम्मी, दॅट्स यू, इझंट इट?" मी मान हलवली. तिने काही न विचारता ते पुन्हा मागे नेऊन लावलं. ते वाक्य आम्ही दोघींनी चार वेळा ऐकलं. चौथ्या वेळी नवराही मागे येऊन उभा होता.

मग मी अण्णांना फोन लावला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, ऐकू कमी यायचं, म्हणून मी ओरडून सगळं सांगितलं. अमेरिकेची लोकसभा, समिती, पट्टी, आणि बाईंनी सगळ्यांसमोर मला वकील म्हटलं ते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"तिथं सगळं लिहून घेतात का गं?" अण्णांनी विचारलं.

"घेतात, अण्णा. शब्द अन् शब्द."

"म्हणजे रोजनाम्यात आलं?"

"आलं, अण्णा."

मग फोनवरून त्यांचा तो आवाज आला, कोर्टाच्या दारातला, चहाच्या टपरीपर्यंत पोचणारा. त्यांनी माझं पूर्ण नाव पुकारलं, पुढे 'ॲडव्होकेट' लावून. आणि मी जुरोंग ईस्टच्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये, घरातल्या गाउनवर, फोन कानाला लावून ताठ उभी राहिले आणि म्हणाले, "हजर."